खोडलेलं नाव

सुजित मूळचा बार्शीकडचा. आता कुरुळीत दोन खोल्यांत राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. हात असा, की बिघडलेलं यंत्र त्याला नुसतं बघूनच निम्मं सुधारावं! तर त्या कारखान्यात पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक पार्टचा फोटो एक कॅमेरा काढतो, आणि कधी काढायचा हे कॅमेऱ्याला एक वीतभर डबी सांगते. तिला म्हणायचं कंट्रोलर. तिचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, सुधारावं आणि सुधारलेलं सगळ्यांसाठी परत ठेवावं.

पार्ट तेलकट असला की चकाकायचा आणि डबी फसायची. एकाच पार्टचे दोन-दोन फोटो. साहेब म्हणाले, बाहेरचा माणूस बोलवा. सुजित म्हणाला, "थांबा की, मी बघतो."

आयटीआय झालेला गडी, कोडमधलं ओ की ठो ठाऊक नाही. पण मेहुण्याचा जुना लॅपटॉप आणला, व्हिडिओ बघत बसला आणि सहा महिने भिडला. मधे एकदा तर कॅमेरा असा बिथरला, की रिकाम्या पट्ट्याचे चारशे फोटो निघाले आणि एकात सुपरवायझर हिंदुराव, आ वासून जांभई देताना! पण अखेर चौदा ओळींत दुरुस्ती बसली. सुजितने हौसेने ती त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर पाठवली.

घोळ झाला तो इथंच. टूलरूमची रीत अशी, की फिक्स्चरला, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याला, शेवटचा हात ज्याने लावला त्याचं नाव टॅगवर. आधीचं खोडायचं, आपलं लिहायचं, म्हणजे उद्या बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळतं. फाइलीच्या अगदी वर 'विजयश्री' असं नाव होतं. सुजितने ते पुसलं आणि आपलं घातलं.

इकडे कंपनीच्या बोर्डावर त्याचा फोटो लागला, खाली 'सॉफ्टवेअर बनवणारा आमचा सुजित'. लोकांनी पाठ थोपटली, मिसळ खाऊ घातली. सुजित हसला.

तिसऱ्या दिवशी साइटवर उत्तर आलं, सगळ्या जगाला दिसेल असं. विजयश्री मारुंजीत राहणारी. चार वर्षं फावल्या वेळात तिने ते सॉफ्टवेअर लिहिलेलं. "दुरुस्ती छान आहे. पण माझं नाव का पुसलंत? दुसऱ्याचं काम असं आपलं म्हणता येत नाही. नाव परत घाला, मग दुरुस्ती घेईन."

सुजितचे कान तापले. डबा तसाच घरी परत आला. वर्षालीने झाकण उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"ती मला चोर समजली," तो म्हणाला.

"अहो, मग सांगा ना, आमच्यात टॅगची रीत आहे म्हणून."

"सांगेन. पटेलही तिला."

"मग तोंड का पाडलंय?"

"बोर्डावरचं वाचलं तेव्हा मी काय केलं? हसलो. ते काय टॅगमुळं?"

वर्षालीने डब्याचं झाकण परत लावलं.

साइटवर त्याने नाव परत घातलं, माफी मागितली. ते सोपं होतं, तिथं कुणी तोंड बघत नाही. पण सकाळी शिफ्टच्या आधी सगळे गोल करून उभे राहतात, तिथं त्याने हात वर केला.

"बोर्डावरचं खरं नाही. सॉफ्टवेअर विजयश्री मॅडमचं आहे. माझ्या चौदा ओळी. मी गप्प राहिलो, चुकलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "चौदाच? आणि आमच्याकडून मिसळ खाल्लीस की राव!" हशा पिकला. सुजितही हसायला गेला, जमलं नाही.

हिंदुरावांनी विचारलं, "मग बोर्डावरचा फोटो काढू का, भावा?"

ते स्वतःच राहू दे म्हणतील, असं सुजितला वाटलं होतं. "काढा," तो म्हणाला.

आता कुणी हसलं नाही. हिंदुरावांनी टाचण्या उपटल्या. सुजित मान खाली घालून मशीनकडे गेला.

दुपारी विजयश्रीचा निरोप आला. दुरुस्ती घेतली होती, आणि आपल्या नावाखाली तिने त्याचंही नाव स्वतःच घातलं होतं. सुजितने ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात टाकला. आपलं नाव लागलं हे वर्षालीला सांगायलाही त्याला दोन दिवस लागले.