तळहातातली चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिच्या पोटात काही राहत नाही, आणि माझ्या पोटात मात्र हे अगदी सुखानं राहिलं.

मी गणिताचा मास्तर. पनवेलात आमची सहाजणांची हौशी नाटकमंडळी आहे. रविवारी संध्याकाळी प्रयोग असतो. संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षक चिठ्ठीवर एखादा प्रसंग लिहून स्टीलच्या डब्यात टाकतात, मी एक चिठ्ठी काढून वाचतो, आणि आम्ही तिथल्या तिथे ती माणसं होऊन बोलायला लागतो. विनोद करायला जाऊ नका, माणूस खरा धरा, हसू आपोआप येतं – हे सगळ्यांना मीच शिकवायचो. कुठल्या तोंडानं?

कारण चिठ्ठी माझीच असायची. घरी लिहिलेली, तळहातात लपवलेली. वाक्यं पाठ. सलग तीन वर्षं. लोक म्हणायचे, सर काय हजरजबाबी आहेत. मी – मी लाजायचोसुद्धा.

समोर बहुतेकदा रुबिना असायची. बाजारात तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे. ती खरंच ऐकायची, मग बोलायची. पण तिचं बोलणं माझ्या पाठांतरात बसायचं नाही, म्हणून मी ते तोडून पुढे जायचो. रुबिना जरा अडखळते, असं सगळे म्हणू लागले. तिलाही ते पटलं. पुढच्या महिन्यापासून मी दारावर तिकिटंच बघते, म्हणाली. मी घरी जाऊन पुढच्या रविवारची चिठ्ठी लिहिली.

त्या रविवारी माझी चिठ्ठी घरी दुसऱ्या सदऱ्यात राहिली. डब्यातून खरीच निघाली – पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघणारं जोडपं. मी ती दोनदा वाचली. रुबिनानं शांतपणे पदर सावरला.

"आज तुमी गप का? रोज तर माज्या आदीच बोलता."

"आज मला कायच सुचत नाय."

खरंच सुचत नव्हतं. अख्खा हॉल खदखदून हसला. पुढची वीस मिनिटं ती बोलत होती, मी ऐकत होतो, ऐकून बोलत होतो. इतका आनंद मला स्टेजवर कधीच झाला नव्हता.

नंतर चहाला कुणीतरी म्हणालं, सर, आज तिला छान सांभाळून घेतलंत. रुबिना शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "सांभाळावं लागतं."

त्यानंतर मी चिठ्ठी लपवली नाही. रुबिना दारावर गेली नाही. आता हॉल तिच्यासाठी भरतो, आणि तिच्यासमोर उभा राहून मीच पोट धरून हसतो. पण नवीन कुणी मंडळीत आलं की ती आवर्जून सांगते – मी सोडून चालले होते, सरांनी मला सांभाळून घेतलं.

आणि मी मान हलवतो.