दोन खोल्यांना एक नळी

आमच्या घरात ताजी हवा यंत्राने येते. त्या यंत्राची आखणी मी केली आणि माझी थोरली बहीण आमच्याकडे राहायला यायची बंद झाली.

देवगडचा पावसाळा म्हणजे चार महिने खिडक्या बंद. भिंतींना बुरशी, उशांना कुबट वास आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, खोकला. म्हणून बाहेरची हवा गाळून नळ्यांतून खोल्यांत सोडणारं यंत्र घ्यायचं ठरलं. कुडाळचा मिस्त्री म्हणाला, झोपायच्या दोन खोल्यांना वेगवेगळ्या नळ्या टाकू. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. (सरळ रेषेचा मला जन्मभर अभिमान!) मी कागदावर एकच सरळ नळी काढली, दोन्ही खोल्यांत तिला एकेक तोंड दिलं आणि त्याला गप्प बसवलं.

हवा उत्तम आली. सुनंदाचा खोकला थांबला. मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून यंत्र दाखवू लागलो.

मग दोडामार्गहून आक्का आली, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. पण पंधरा दिवसांत माझा चहा बिनसाखरेचा झाला आणि टीव्हीचा रिमोट तिच्या उशीखाली गेला. एका दुपारी जेवून आडवा झालो आणि सुनंदाला म्हणालो, "आक्का आणखी किती दिस रवतली गो? जीव घुसमटलो माझो."

सुनंदानं तोंडावर बोट ठेवलं. मी म्हटलं, भिंत नऊ इंची आहे.

पलीकडे आक्काची खाट करकरली. ती इतकी स्पष्ट ऐकू आली, की आम्ही दोघांनी एकदमच छताजवळच्या नळीच्या तोंडाकडे पाहिलं.

चहाच्या वेळी आक्का पिशवी भरून बसली होती. काजू वेचायला माणसं मिळत नाहीत, जायला हवं, म्हणाली. (ऐन श्रावणात काजू!) त्या दिवशी माझ्या चहात मात्र तिनं दोन चमचे साखर घातली होती.

पुढच्या रविवारी मी दोडामार्गला गेलो. ती आत स्वयंपाकघरात, मी बाहेर दारापुढच्या खळ्यात. पाऊल पुढे पडेना. शेवटी चपलांकडे बघत, मलाच जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटलो, "आक्का, माझा चुकला."

आतून, फोडणीच्या आवाजातून, लगेच उत्तर आलं, "कसली चूक रे? माका त्या दिवशी कायच ऐकाक येवक नाय. कान गेले माझे."

मधे दोन भिंती होत्या, आणि नळी एकही नव्हती.