आपापलं भांडं

मे महिन्यात दहा दिवस माझ्या घरी वीस-बावीस मुलं राहायला असतात. लोक त्याला शिबिर म्हणतात, मी धुडगूस म्हणते. सुरुवात माझ्या मुंबईच्या नातवंडांपासून झाली. ती यायची आणि पंख्याखाली मोबाइल घेऊन बसायची, आणि बाहेर कलमांखाली आंबे पडून कुजायचे. मग त्यांना सोबत म्हणून शेजारची चार बोलावली, बाजारपेठेतल्या ओळखीच्यांची दोन आली, असं करत करत पडवी भरली. मी काही शिकवणारी बाई नव्हे. सातवीत शाळा सुटली, पुढचं काय ते हाताला लागेल ते वाचून. पण करवंदं कुठल्या कातळावर आधी पिकतात, पाठीला रिकामा डबा बांधून पोराला विहिरीत कसं उतरवायचं, फणसाच्या आठळ्या राखेत किती वेळ ठेवायच्या, एवढं मला येतं. तेवढ्यावर दहा दिवस निघतात.

मुलांचा त्रास नसतो हो. पहिल्या दिवशी भांडतात, दुसऱ्या दिवशी एका चादरीत झोपतात. त्रास आईबापांचा. गेल्या वर्षी माझा फोन दिवसभर कानाला. "काकी, तो दही खातो ना?" "काकी, ती कोणाच्या शेजारी झोपलीय?" एक बाबा तर तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर. म्हणे, विहीर किती खोल आहे ते बघून जातो. बघितली, आणि मुलाला घेऊनच गेला. मुलगा मागच्या काचेतून रडत होता आणि बाकीची सगळी गाडीमागे धावत होती. आणि रत्नागिरीतल्याच एका आईने हळू आवाजात विचारलं, "ताटं वेगळी असतात ना हो सगळ्यांची?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "बाई, ताटं एकाच बादलीत घासतो. माझ्या हाताला वेगळी ओळखू येत नाहीत." तिने विषय बदलला.

तिने विचारलं होतं ते मिरकरवाड्याच्या, बंदरावरच्या मुसलमान वस्तीतल्या मुलीवरून. माझी सून शाळेत शिकवते, तिच्या वर्गातली ही मुलगी. वडील आखातात बोटीवर, घरी आई आणि आईची आई, म्हणजे मुलीची नानी. गेल्या वर्षी ती फक्त दिवसाची यायची, सकाळी रिक्षा सोडायची, संध्याकाळी न्यायची. पण आली की घर हलवून सोडायची. पोहायला तर असली की डबाबिबा काही नको. जाळ्याच्या गाठी तिने सगळ्या मुलांना शिकवल्या, त्या माझ्या मच्छरदाणीवर अजून आहेत, सुटत नाहीत. शेवटच्या दिवशी रिक्षात बसताना मला म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मी रात्रीची पण राहणार. अम्मीला तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही ती."

मी म्हटलं, "सांगते."

आता मुलाला दिलेला शब्द म्हणजे काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठी माणसं विसरतात, मुलं तारीख-वार लक्षात ठेवतात.

म्हणून ह्या वर्षी मी ठरवलं की शिबिराच्या आधी सगळ्या घरच्यांना एकदा बोलवायचं. एक रविवार, दुपारचं जेवण. एकमेकींची तोंडं बघू देत, विहीर बघू देत, झोपायची जागा बघू देत. आईला आई भेटली की अर्धे फोन कमी होतात, आणि मिरकरवाड्याच्या आईला चार जणी भेटल्या की तिलाही मुलीला ठेवायचा धीर येईल. असा माझा हिशेब.

माझ्या मुलाने मला फोनमध्ये बोलून लिहायचं शिकवलंय. आपण बोलायचं, तो लिहितो. मी पडवीत बसले आणि बोलले, "रविवारी दुपारी सर्वांनी यावे. जेवण इथेच. येताना आपापले भांडे आणावे." वाचून बघितलं. एकही चूक नव्हती! मला कोण आनंद. धाडून दिलं शिबिराच्या ग्रुपवर आणि काजू सोलायला बसले.

लगेच अंगठ्यांची रांग लागली. मुंबईच्या एका आईने विचारलं, "किती लिटरचं?" दुसरी म्हणाली, "स्टीलचं की चालेल कुठलंही?" मी मनात म्हटलं, बायकांनो, भांडं ते भांडं. आणि मग सगळ्यात शेवटी ती एक ओळ आली, ग्रुपमधून कोणीतरी बाहेर पडल्याची. मिरकरवाड्याची आई.

मला वाटलं, चुकून हात लागला असेल. माझाही लागतो. फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी सून शाळेतून आली, तिने फोन हातात घेतला, वाचलं आणि खुर्चीत बसली.

"आई, हे काय लिहिलंत?"

"का गो? बरोबर लिहिलंय त्याने. काना-मात्रासुद्धा."

"आपापले भांडे आणावे. जेवायला बोलावून आपापलं भांडं?"

"अगो, जाताना न्यायला! उरलं-सुरलं काय रिकाम्या हाताने धाडू त्यांना?"

"ते तुम्हाला ठाऊक. वाचणारीला काय कळणार?"

"पण मी सगळ्यांनाच लिहिलं होतं."

"सगळ्यांना लिहिलं तरी ज्याला लागायचं त्यालाच लागतं, आई."

मी काजू बाजूला ठेवले. तिचं वाक्य संपायच्या आत मला एक जुनी कपबशी आठवली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच घराच्या वळचणीला एक कपबशी उपडी खोचलेली असायची. मासेवाली आली की ती काढायची, वरून चहा ओतायचा, तिनेच विसळून परत खोचायची. कोणी कोणाला काही बोलत नसे. मीही त्यात चहा ओतलेला आहे, नाही कशाला म्हणू. सासूबाई गेल्या, घराचं छप्पर बदललं, कपबशी कुठे गेली कोणी बघितलं नाही. आणि आता माझ्याच तोंडून फोनने बरोबर तेच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या ओल्या काजूंची उसळ केली. सोलून बोटं काळी झाली होती, ती तशीच. छोट्या टोपात भरली, फडक्यात बांधली आणि रिक्षा करून मिरकरवाड्याला गेले. मासळीचा लिलाव आटपला होता, बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि माझी चप्पल दोनदा निसटली. घर विचारत विचारत गेले. दार मुलीनेच उघडलं. ओरडली, "आजी!" आणि मग आईकडे बघून गप्प झाली. तिला सगळं ठाऊक होतं.

आईने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला. राग असला की माणूस किती नीट वागतो बघा. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

मी म्हटलं, "बाय, माझं लिहिताना चुकलं."

"नाय काकी, तुमच्या घरची रीत तुम्ही लिहिलीत. आम्हाला आधीच कळलं ते बरं झालं. मुलगी दहा दिवस राहून कळलं असतं तर?"

मी टोपाचं फडकं सोडायला लागले आणि गाठ सुटेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून नानी आली. पंच्याहत्तरीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, पण नजर अशी की मासा ताजा की शिळा लांबून सांगेल. माझ्यासमोर बसली.

"कुठल्या गावची गो तू?"

मी गाव सांगितलं. आळी सांगितली.

"त्या आळीत मी बारा वर्षं माशांची पाटी घेऊन आलेय," नानी म्हणाली. "पाणी पण प्यायलेय. वळचणीच्या कपातून."

मुलगी आमच्या तोंडाकडे बघत होती. आई खिडकीकडे बघत होती. मला म्हणता आलं असतं की ते दुसरं घर असेल. आमच्या आळीत सात घरं, आणि सातही वळचणींना कप.

मी म्हटलं, "नानी, आमच्याही होता. मी ओतलाय त्यात चहा."

नानी जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "त्या आळीतला एक कप फुटका होता गो. टवका गेलेला. चहा सगळा अंगावर यायचा. मी बाईला म्हटलं, तुमचे कप बाटवायचे नाय तर नाय, पण माझा धड तरी ठेवा!" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुलगी हसली, मग मलाही हसू आलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले. आई तेवढी हसली नाही.

नानीने फडक्याची गाठ एका हाताने सोडली. मुलगी गाठी कोणाकडून शिकली ते तेव्हा कळलं. उसळ बघून म्हणाली, "ओले काजू! आता कुठे मिळाले?" लगेच आत गेली, उसळ आपल्या पातेल्यात काढली, माझा टोप विसळला, आणि त्यात मूठ-मूठ करून सोडे भरायला लागली. वाळवलेली सोललेली कोळंबी, घरची. तिचा भाव बाजारात विचारायची सोय नाही.

मी म्हटलं, "नानी, हे कशाला?"

"मग? रिकामं भांडं परत धाडू? आमच्यात नाय तसं करत."

"अहो, आमच्यातही नाय!" मी जवळजवळ ओरडलेच. "म्हणून तर म्हटलं, आपापलं भांडं आणा. गेल्या वर्षी माझे अकरा डबे गेले लोकांकडे भरून, परत चारच आले!"

आता मात्र आई वळली. "म्हणजे न्यायला?"

"न्यायला गो बाय."

"मग न्यायला असं लिहायचं ना काकी!"

"माझ्या मनात होतं. फोनला मन कुठे कळतं."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण मी विचारलं, "रविवारी येशील ना?" तर म्हणाली, "बघते." कोकणात राहिलेल्या माणसाला मी सांगायला नको. आमच्याकडे "बघते" म्हणजे नाही. "बघू" म्हणजे तर कधीच नाही. मुलीने मला दारापर्यंत सोडलं आणि कुजबुजली, "आजी, तुम्ही सांगितलंत, पण जरा उलटं सांगितलंत."

रविवारी अकरापासून माणसं यायला लागली, आणि काय ती भांडी! मुंबईची एक चार खणांचा डबा घेऊन आली. एकीने कुकर आणला, शिट्टीसकट. विहीर बघायला आलेला तो बाबा, ज्याने मुलाला नेलं होतं, तो चहाचा थर्मास घेऊन आला आणि ह्या वेळी विहिरीत पाय सोडून बसला. ताटांची काळजी होती ती आई पण आली, छोटीशी डबी घेऊन. मी घरातली, शेजारची, सगळी ताटं-ताटल्या काढून अंगणात एकच चळत लावली. ज्याच्या हाताला जे येईल ते. साडेबारा झाले, एक वाजला. मी वाढायला उशीर करत होते. सून म्हणाली, "आई, मुलं भुकेजली." मी वाढायला घेतलं.

भाताची दुसरी फेरी चालली होती तेव्हा बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, रिक्षा थांबली. आधी मुलगी उतरली, मग नानी, आणि मग आई आणि रिक्षावाला मिळून एक टोप उतरवायला लागले. टोप म्हणजे काय, लग्नघरचा! दोघांच्या हातात मावेना. आईने तो अंगणाच्या मधोमध ठेवला, पदराने घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपापलं भांडं आणायला सांगितलंत ना काकी? आमचं हे."

झाकण काढलं. आत सांदणं, पांढरीशुभ्र, वाफेची.

"ही सांदणं?" ताटांची काळजी असलेली आई पुढे वाकली. "सांदणं पिवळी असतात. फणसाच्या रसाची."

"तुमच्यात. आमच्यात नारळाची."

"मग ही सांदणं नव्हेत."

"आधी खा, मग बारसं कर," नानी म्हणाली.

तिने एक खाल्लं. मग म्हणाली, "नव्हेतच." आणि दुसरं घेतलं. तिसरं खाताना ती नानीच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि तांदूळ किती वेळ भिजवायचे ते विचारत होती. ताट कोणाचं होतं देव जाणे. वाद काही मिटला नाही. जाईपर्यंत ती "वडी म्हणा, पण सांदण म्हणू नका" असंच म्हणत होती.

मिरकरवाड्याची आई मात्र माझ्यामागून सगळं घर फिरली. पडवी बघितली, मुली कुठे झोपतात ते बघितलं, विहिरीत वाकून बघितलं, न्हाणीघराची कडी लावून काढून बघितली. मी नुसती दारं उघडत गेले. एकदा बोलून काय झालं ते बघितलं होतं.

निघताना सगळ्यांची भांडी भरली. भात, उसळ, उरलेली सांदणं. कुकरसुद्धा भरला. मी त्या मोठ्या टोपाकडे वळले आणि हात कपाळाला लावला. एवढा भरायचा कशाने? घरात शिल्लक होती ती चार वाट्या आमटी.

आईने टोपावर झाकण ठेवलं. म्हणाली, "हा आज नेत नाय मी. तुमच्याकडेच राहू दे. शिबिराचे दहा दिवस झाले की हिला न्यायला येईन ना, तेव्हा भरून द्या."

मुलगी एवढ्या जोराने किंचाळली की कलमावरचे कावळे उडाले. आई म्हणाली, "आणि काकी, ही घोरते. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणाल लिहिलं नव्हतं."

टोप आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. अर्धी वाट अडवून बसलाय, सून दोनदा ठेचकाळली. विचारते, "आई, एवढा कशाने भरणार?" मी म्हटलं, परसात कोकमाचे रातांबे लालबुंद होत आलेत. बावीस मुलं येतायत. सकाळी फोडायचे, रसात बुडवायचे, कातळावर वाळवायचे, परत बुडवायचे. दहा दिवसांत आमसुलांनी टोप भरेल. नाही भरला तर मुलीला अकरावा दिवस ठेवून घेईन. तसं मी ग्रुपवर कळवणार होते, सुनेने फोन काढून घेतला.