सांध्यांचा कॅम्प सकाळी आठला

“एक नंबर कोण?” मी दारातून ओरडले. तिशीचा एक माणूस उठला. एकटाच.

“पेशंट कुठाय?”

“बायको हाय, मावशी. येतेय मागून. धाटावच्या कारखान्यातली नाईट शिफ्ट सुटली तसा थेट लायनीत उभा ऱ्हायलो.”

मी पेणच्या एका दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथी. नव्वदच्या दशकात आमचे डॉक्टर वर्षातून एकदा मुंबईहून सांध्यांचे मोठे डॉक्टर बोलवायचे आणि रोह्याच्या शाळेत फुकट कॅम्प भरवायचे. नंबर पुकारणं आणि बायकांना लुगडं गुडघ्यावर घ्यायला लावणं, हे माझं काम. दुसरं जास्त कठीण.

पेशंट हजर नसेल तर नंबर शेवटी, असा नियम होता. त्या माणसाला, सुरेशला, मी शेवटी बसवलं.

गुडघा दुखत नाही असं घर रोह्यात नसावं, एवढी गर्दी. बहुतेकांना वयाची झीज. पण मोठे डॉक्टर शोधत होते आमवात. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. तरण्या बायकांनाही होतो. बोटं सुजतात, गरम लागतात. औषधाला उशीर झाला तर वाकडी होतात ती कायमची.

“आली का रे?” मी पुन्हा विचारलं.

“नटतेय अजून!” लाईनीतली म्हातारी म्हणाली. “नवी नवरी हाय काय रे तुझी?” सगळे हसले.

“तिचे केस माझी आई विंचरते, आजी. हात वर जात नाय तिचा.”

मी म्हटलं, “मग जा, रिक्षात घालून आण.” तो पळाला.

बाराला लाईन संपली. “आमवाताचा एकही नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “इकडे कमीच दिसतो.” ते गाडी पकडायला गेले. मी टेबलं पुसत होते तेव्हा सुरेश बायकोला, सविताला, घेऊन आला. मी तिचा हात धरला. मनगट भाजत होतं.

“मुंबईला ने हिला,” मी सांगितलं.

“व्हय,” तो म्हणाला. नेलं नाही. घरी सविताची सासू म्हणाली, “दुपारी भाकऱ्या थापते ती. आजार कसला गो?” दुपारी हात थोडे सुटायचे, हे खरंच होतं.

पुढच्या वर्षी सुरेशने तिला आदल्या दिवशीच शाळेजवळ बहिणीकडे आणून ठेवलं. सकाळी उचलून आत आणली. बोटं बाहेरच्या अंगाला वळली होती.

“गेल्या वर्षी का नाही आलात?” मोठे डॉक्टर रागावले.

“आलो व्हतो, साहेब. हीच उठली नव्हती.”

“आठला कशी येऊ?” सविता म्हणाली. “दुपारपर्यंत मला तोंड धुता येत नाय. पोराला पाजायला सासू धरते.”

डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली. सकाळी सांधे आखडणं, हेच त्या आजाराचं लक्षण. आम्हाला शिकवलंही त्यांनीच होतं.

औषधाने सूज उतरली. बोटं सरळ झाली नाहीत. पोर मोठं होईपर्यंत त्याच्या सदऱ्याची बटणं सुरेशच लावायचा.

त्यानंतरचा कॅम्प दुपारी तीनला ठेवला. बायका कोलाडहून आल्या, डोलवीहून आल्या. तसलेच हात घेऊन. आजार इकडे कमी नव्हता. सांधेदुखीची माणसं मोजायची असतील तर आधी त्यांना उठू द्यावं.