पलीकडच्या विहिरीतले दोन जीव

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे जाळीताई म्हणायचे. विहिरींत सोडायच्या बारीक जाळ्या धुणं, उकळणं, फाटल्या तर शिवणं हे तिचं काम. आधी ती पडदे शिवायची. तिची नोकरी कंत्राटी, आणि ती टिकवायला आमच्या प्रमुख मॅडम दोनदा वरिष्ठांशी भांडल्या होत्या.

आमचं काम जमिनीखालच्या पाण्यातल्या जिवांचं. तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे जीव, जन्मभर अंधारात, त्यामुळे डोळेच नाहीत. त्या वर्षी डोंगराच्या अलीकडच्या विहिरीत एक नवी जात सापडली आणि त्याच दिवशी पलीकडच्या विहिरीतही तिचे दोन जीव निघाले. म्हणजे डोंगराखालून पाणी एकच, असं मॅडमचं म्हणणं. दुसऱ्या शहरातले एक सर आमच्या जोडीला होते, पाण्याची रासायनिक तपासणी त्यांच्याकडे. त्यांच्या गळी काही हे उतरत नव्हतं.

"दोन्ही पाण्यांचे क्षार वेगळे आहेत, मॅडम. आणि ते दोन जीव परत कुठे दिसले?"

"विरळ जात आहे. दिसतील," मॅडम म्हणायच्या.

शोधलेख शुक्रवारी जायचा होता. बुधवारी सगळे टेबलाभोवती बसून शेवटचा मजकूर वाचत होते. जाळीताई कोपऱ्यात बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती. मॅडमनी वाचलं, "प्रत्येक विहिरीनंतर जाळी उकळत्या पाण्यातून काढली."

जाळीताईचा हात थांबला. त्या दिवशी दोन विहिरींच्या मधल्या वाटेवर तिला फोन आला होता. पाट्या रंगवणारा तिचा नवरा शिडीवरून पडला होता. तिनं जाळी नुसती झटकून पिशवीत कोंबली होती आणि पुढच्या विहिरीत तशीच सोडली होती. पुढे त्याचा हात प्लास्टरमध्ये गेला, बराही झाला. जाळीची गोष्ट तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं.

"झटकली होतीस ना? मग निघालं असेल सगळं."

"नसेल निघालं तर?"

"तर नोकरी जाईल तुझी. कुणी विचारलंय का तुला?"

ताटातलं तसंच राहिलं.

गुरुवारी सकाळी ती मॅडमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत सरही होते. ती एका दमात सगळं बोलून गेली.

"कुठल्या विहिरीच्या आधी?" मॅडमनी विचारलं.

"पलीकडच्या."

"मी पाच महिने हेच..." सर म्हणू लागले.

मॅडम उठल्या. "कोरी जाळी घ्या. आत्ताच निघू. ताई, तुम्हीच सोडायची."

पलीकडच्या विहिरीत जाळीताईनं कोरी जाळी सोडली. पहिल्या खेपेला गाळ आणि दोन अळ्या. दुसऱ्या खेपेला बशीत काहीतरी पांढरं वळवळलं. जाळीताईनं बशी मॅडमपुढे सरकवली. मॅडम भिंगावर वाकल्या त्या वाकल्याच. मग सरांना जागा देत म्हणाल्या, "पाय बघा. ही जात वेगळी आहे."

पुढचे दहा दिवस आम्ही रोज गेलो. एकूण चाळीस खेपा झाल्या, पण अलीकडची ती नवी जात पलीकडे एकदाही मिळाली नाही. ते दोन आमच्याच जाळीला चिकटून आले असावेत, असं मॅडमनी लेखात स्वतःच लिहिलं. डोंगराखालच्या पाण्याचा भाग गळाला. निम्मा उरलेला लेख सात महिन्यांनी छापून आला.

जाळीताईचं कंत्राट वाढलं, तेही तिला कारकुनाकडून कळलं. मॅडम कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत. त्या गोष्टीचा विषय त्यांनी एकदाच काढला, जिन्यात.

"फोन आला तेव्हा थेट घरी जायचं होतंत, ताई. मी अडवलं असतं का?"

"मी विचारलंच नाही," जाळीताई म्हणाली.

"हो ना," मॅडम म्हणाल्या, आणि तिच्या हातातली एक बादली घेऊन जिना चढू लागल्या.