गेटवाल्या आप्पांची गावबंदी

आप्पा कुणालाच ‘कसं काय’ विचारत नसत, विचारत, “काय काम हाय?” सणसवाडीच्या एका कारखान्याच्या गेटवर पंचवीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या घरी चहाला गेलं तरी आधी काम सांगावं लागे.

लॉकडाऊन लागला आणि तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या आमच्या गावाने निवृत्त आप्पांना वेशीवर बसवलं. त्यांनी रस्त्यात बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्यांच्या लेखी गाव म्हणजे मोठा कारखानाच होता. फक्त इथे काम कुणी करत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सरपंच शिरूरहून मित्रांना घेऊन आले.

“आप्पा, मी सरपंच हाय.”

“व्हय, ओळखलं. काय काम हाय?”

मित्र परत गेले.

मग आप्पांची मुलगी सुमन पुण्याहून तान्ह्या लेकीला घेऊन आली. आता गंमत बघू, म्हणून गाव गोळा झालं. आप्पांनी तिला चौदा दिवस शाळेत ठेवलं. डबा पायरीवर ठेवून ते मैदानातूनच टाळ्या वाजवत नातीला हसवत. “बापाला काळीज न्हाई,” गाव म्हणालं. मी शाळेचा मास्तर. पाठ फिरवल्यावर ते डोळे पुसत, ते मला दिसे.

गावात एकही पेशंट निघाला नाही. साहजिकच आप्पा चुकीचे ठरले. “काहीच झालं न्हाई, मग उगा कशाला कोंडलं?” असा पारावर निकाल लागला.

आप्पा मला म्हणाले, “मास्तर, न झालेला आजार दाखवता येत न्हाई.”

“पण बंद ठेवून रोग जातो का?”

“जात न्हाई. दमानं येतो. तवर दवाखान्यात खाट तरी मिळती.”

पुढच्या उन्हाळ्यात सरपंचांच्या घरी लग्न निघालं. परवानगी पन्नास माणसांची होती; ती बहुधा आचारी-वाढप्यांपुरती असावी. आप्पा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून “मागं फिरा” म्हणत होते. लोकांनी हसत त्यांनाच हाताला धरून पंगतीत बसवलं. हात धरणाऱ्यांत मीही होतो.

पंधरवड्यात घरोघरी ताप. आप्पांना घेऊन आम्ही शिरूर पालथं घातलं, मग दौंड गाठलं. खाट कुठेच नव्हती. गाडीत धापा टाकत ते म्हणाले, “सगळा एकदमच आला, मास्तर.” दवाखान्याच्या दारातच ते गेले.

महिनाभराने शोकसभा झाली. गाव मांडीला मांडी लावून बसलं. सरपंच गहिवरून म्हणाले, “आप्पांमुळंच गाव वाचलं होतं.”

सुमन उठली. “मग त्यांचं ऐकलं का न्हाई?”

तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं आणि सारं गाव, कुणी न सांगता, हातभर सरकून बसलं.