काळ्या कापडाखालचा वाफा

मित्र म्हणतात, ‘चाऱ्याच्या प्रयोगाचे किस्से लिहून काढ.’ तसे ते गंजीसारखे रचून पडलेत. पण लिहायला बसलो की वाटतं, हे असंच घडलं होतं ना? पुन्हा शंका!

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नगर जिल्ह्यातल्या कुरण संशोधन केंद्रात मी पीएच.डी. करत होतो. विषय स्टायलो. हा शेंगवर्गीय चारा दिवस लहान झाले की फुलतो. म्हणून आषाढातल्या मोठ्या दिवसांत एक वाफा रोज ऊन असतानाच काळ्या कापडाने झाकायचा, सकाळी उघडायचा. त्याला वाटावं, हिवाळा आला! शेजारचा वाफा उघडाच. झाकलेला फुलला तर माझी डॉक्टरेट. नाहीतर मोठे साहेब प्रयोग बंद करणार होते.

केंद्रावरचा गडी भिवा पहिल्याच दिवशी म्हणाला, “सायेब, ह्यास्नी दिवसाढवळ्या झोपवायचं, अन् मला डुलकी लागली तर मेमो!”

*

ही बातमी श्रीगोंद्याला सासऱ्यांपर्यंत गेली. ते तातडीने आले. “जावईबापू, झोप नीट लागते ना?”

मी विचारलं, “मला की झाडांना?”

ते आठवडाभर राहिले!

*

कापडाखाली उष्णता वाढली तर फुलणं लांबेल, या धास्तीने मी आत थर्मामीटर ठेवला. भिवाने विचारलं, “किती हाय?”

“अडतीस.”

दुसऱ्या दिवशी आकडा एकदम खाली! कापड ओलंचिंब.

“ताप उतरवला, सायेब. आमी पोरांच्या कपाळावर अशाच पट्ट्या ठेवतो.”

*

आमच्या कुंपणावरून शनिशिंगणापूरची पायवाट जायची. एका शनिवारी वाफ्यापुढे तेल, उडीद आणि नारळ! काळं कापड बघून कुणीतरी हात जोडले होते. मी घाईने पाटी लावली: ‘येथे देव नाही.’

पुढच्या शनिवारी नारळ दुप्पट झाले.

भिवा म्हणाला, “पाटी वाचायला थांबत्यात, सायेब. थांबल्यावर मोकळ्या हातानं कसं जायचं?”

*

शेवटी मोठे साहेब आले. परदेशात शिकलेले, पायात बूट, नेमका शनिवार. भिवाने कापड उचललं. झाकलेला वाफा पिवळ्या फुलांनी भरलेला, उघड्यावर एकही फूल नाही!

“सर, दिवसाची लांबी...” मी सुरू केलं. साहेब नारळांकडे बघत होते.

“कापड परत वाफ्यावर टाका,” ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या जीपकडे निघालो. वळून पाहिलं तर साहेब वाफ्यासमोर अनवाणी उभे!

जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“प्रयोग चालू राहू द्या. फक्त शनिवारी कापड काढत जाऊ नका!”